शुक्रवारच्या हरवलेल्या ऑर्डरी

एका ऑफिसात वर्षभर काढलं की किस्से आठवावे लागत नाहीत, चहा आला की तेच पुढे येतात. आमचं ऑफिस तुर्भ्याला, औषधांच्या गोदामातच. हॉस्पिटलची ऑर्डर येते, मेसेजच्या रांगेत थांबते आणि गोदामाचा सर्व्हर ती उचलतो. हेच शिकून मी परदेशातून आलो होतो. जुना सर्व्हर निवृत्त करून नवा बसवला आणि भाषण ठोकलं, "आता एकही मेसेज हरवणार नाही."

गोदाम सांभाळणारे म्हात्रेकाका दिवाळे गावच्या कोळीवाड्यातले. ते हळूच म्हणाले, "होडीत चढताना आमी मासली किती येल ते बोलत नाय."

*

महिन्याभरात ऑर्डरी हरवू लागल्या. रोज नाही, अधूनमधून. मी लॉग, म्हणजे सर्व्हरमधली नोंद, दाखवला, "बघा, मेसेज उचलला गेलाय."

"उचलला, पन कोनी?"

मला तो प्रश्न अडाणी वाटला. त्याची आजही लाज वाटते.

*

नेरूळच्या एका हॉस्पिटलला इन्सुलिन पोचलं नाही. माझा लॉग वाचून मालकीणबाई, आमच्या कुलकर्णी मॅडम, काकांना म्हणाल्या, "ऑर्डर तुमच्याकडे आली होती. सोमवारपासून येऊ नका."

काकांनी एवढंच विचारलं, "पेशंटला औषध मिलाला ना?"

दुसरीकडून मिळालं होतं.

*

हॉस्पिटलच्या तक्रारी काका एका वहीत लिहीत. त्यांनी ती माझ्यापुढे ठेवली. "सगल्या शुक्रवारच्या हायत."

"काका, कॉम्प्युटरला वार कळत नाही."

"त्याला नाय कलत. मानसाला कलते."

*

तो काकांचा शेवटचा दिवस, शुक्रवारच. शुक्रवारी वेगळं काय होतं ते शोधायला सकाळी आम्ही दोघं एकेक खोली बघत निघालो. मॅडमच्या केबिनमधल्या देव्हाऱ्याखाली तो जुना सर्व्हर ठेवला होता. मॅडम त्याला हळदकुंकू लावत होत्या. त्याचा हिरवा दिवा चालू होता.

"कंपनी यावर उभी राहिली," त्या म्हणाल्या. "बंद यंत्राची पूजा कशी करणार? शुक्रवारी चालू करते, संध्याकाळी बंद."

चालू झाला की तोही आपलं जुनं काम करायचा. रांगेतल्या काही ऑर्डरी नव्याच्या आधी उचलायचा आणि स्वतःपाशीच ठेवायचा. त्याची नेटवर्कची वायर काढायला मीच विसरलो होतो.

मी तसं सांगितलं. मॅडमनी हळदकुंकू खाली ठेवून उदबत्ती हातात घेतली. मग म्हणाल्या, "काका, सोमवारी या."

मी सर्व्हरच्या प्लगला हात घातला. काकांनी मनगट धरलं.

"नेटवर्कची वायर काढ, बाला. दिवा राहू दे."

आणि मॅडमच्या हातातली उदबत्ती घेऊन त्यांनी ती सर्व्हरपुढे लावली.