खिशातली नी-कॅप

चार म्हातारे खेळाडू एका बाकड्यावर बसले की किस्से आपोआप साचतात. मुद्दाम कुणी जमवत नाही. एकानं एक काढला की दुसऱ्याला दोन आठवतात, आणि तिसऱ्यांदा सांगताना सांगणाऱ्याचा स्मॅश जरा जास्तच उंच जातो! आमच्या व्हॉलीबॉल टीमचे किस्से मी कित्येक वर्षं सांगत आलोय. लोक पोट धरून हसतात. एक किस्सा मात्र मी दर वेळी गाळतो. आज तोही सांगणार आहे, पण आधी थोडं हसून घेऊ.

गावाचं नाव सांगत नाही. उदगीरच्या बाजूचं एखादं गाव समजा. लातूर जिल्हा नुकताच झाला होता. जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच!

मी शिवराज, आडत दुकानदाराचा मुलगा आणि टीमचा कॅप्टन. बॉल माझ्या अप्पांनी आणून दिला होता, म्हणून कॅप्टन मी, असं उत्तम म्हणायचा. उत्तम आमचा स्मॅशर, नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतला. मी बॉल उचलून द्यायचो आणि तो मारायचा. त्याचा बॉल समोरच्याला आधी ऐकू यायचा, मग दिसायचा!

*

नांदेडला स्पर्धा होती. नव्या जिल्ह्याची टीम म्हणून पहिल्यांदाच जायचं, आणि जर्सीच्या पाठीवर नाव जुन्या जिल्ह्याचं, उस्मानाबाद! नव्या जर्सी शिवायला वेळ नव्हता.

आमचे रेफरी खलीलचाचा. त्यांचं बुक बायंडिंगचं दुकान होतं. वह्यांच्या पाठीला लावतात ती कापडी पट्टी त्यांनी खळ लावून आमच्या पाठीला चिकटवली आणि वर शाईनं झोकात लिहिलं, ‘लातूर’.

पहिला गेम झकास गेला. दुसऱ्यात घाम फुटला आणि खळ सुटायला लागली. तिसऱ्या गेमला कोर्टवर तीन जण लातूरचे आणि तीन जण उस्मानाबादचे! पंचांनी मॅच थांबवली. ‘‘कॅप्टन, तुमचा जिल्हा नेमका कोणता?’’

मागून उत्तम म्हणाला, ‘‘साहेब, पॉइंट आमचा धरा, जिल्हा तुमच्या मनानं लिवा!’’

*

मैदानावर धूळ इतकी, की बॉल पडला की दोन मिनिटं काही दिसायचं नाही. चाचांनी नियमच केला. येताना प्रत्येकानं घरच्या सांडपाण्याची एक बादली आणायची आणि कोर्टवर शिंपडायची. ‘‘बादली नै, तो खेल नै!’’ उत्तम नाला ओलांडून भरली बादली आणायचा, थेंब न सांडता.

त्याची बादली मैदानाला चालायची. कोपऱ्यातल्या प्यायच्या माठात मात्र त्याच्या घरचं पाणी कधी पडलं नाही. तो ओंजळ धरायचा आणि वरून तांब्यानं ओतायचो मीच. तेव्हा त्यात मला काही दिसत नव्हतं. याची आता लाज वाटते.

एकदा पोलिस ठाण्याच्या टीमशी मॅच ठरली. फौजदारसाहेब मोठे हौशी, स्वतः खेळायचे. बादल्यांनी काय मैदान भिजणार, म्हणून त्यांनी थेट पाण्याचा टँकरच मागवला! टँकर मैदानात शिरला आणि त्याच्यामागून घागरी घेऊन वस्तीतल्या बायका पळत आल्या. वस्तीत आठ दिवस टँकर आला नव्हता. सगळ्यात पुढं उत्तमची आई, सरूबाई.

साहेब ओरडले, ‘‘ए बाई! हे खेळायचं पाणी हाय!’’

सरूबाई म्हणाली, ‘‘मग आमी बी खेळायलाच आलाव की! कुठून हुबं ऱ्हायचं सांगा.’’

नेटच्या दोन्ही बाजूंनी रांग लागली. टँकर रिकामा झाला, कोर्ट कोरडंच राहिलं आणि मॅच रद्द झाली. चाचांनी उंच स्टुलावरून लांब शिट्टी मारली, ‘‘पॉइंट बाई लोगां का! गेम ओव्हर!’’

अख्खं गाव हसलं. फौजदारसाहेब हसले नाहीत.

*

चाचांच्या दुकानात रद्दी यायची. एका जुन्या इंग्रजी मासिकातला फोटो त्यांनी कापला आणि आमच्या नेट ठेवायच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवला. बक्षिसाच्या पायऱ्यांवर तीन धावपटू उभे आहेत. त्यातले दोन काळे. मान खाली, एक-एक मूठ वर, आणि त्या मुठीवर काळा हातमोजा.

चाचा म्हणाले, ‘‘अमेरिका के हैं. एक पहिला आला, एक तिसरा. इनके लोगांना तिथं गोरे बरोबरीचं समजत नै. पोलिस मारते, कोण विचारत नै. म्हणून बक्षीस घेताना हात वर केला. सारी दुनिया देख रही थी ना!’’

‘‘तिथं बी नाल्यापल्याडची वस्ती हाय म्हना की!’’ उत्तम म्हणाला. ‘‘मग पुढं काय झालं ह्यांचं?’’

‘‘घर भेज दिए. टीममधून काढलं.’’

‘‘जिंकल्यावर?’’

‘‘जिंकल्यावरच तर! हरलेल्याचा हात कोण बघतो रे?’’

मी विचारलं, ‘‘आणि हा गोरा?’’ तो दुसऱ्याच देशाचा होता, दुसरा आलेला. हात खाली, नजर समोर.

चाचांनी चष्मा वर केला, खाली केला. ‘‘हा? हा नुसता उभा आहे.’’

मग उत्तमनं एक गोष्ट दाखवली. दोघांचे हात वेगवेगळे होते. एकाचा उजवा, एकाचा डावा. ‘‘चाचा, हातमोज्यांची जोडी एकच हाय. दोघांनी वाटून घेतलीय.’’ तेवढा वेळ त्या फोटोकडं आमच्यातल्या कुणीच बघितलं नव्हतं.

*

इथून पुढं हसण्यासारखं फार नाही.

त्या साली पोलिस भरतीत खेळाडूंना जागा होत्या. ‘‘हा पोरगा मला माझ्या टीममध्ये पायजे,’’ असं म्हणत फौजदारसाहेबांनी उत्तमच्या नावानं शिफारसपत्र तयार केलं. जिल्हा झाल्याच्या वाढदिवसाला फायनल होती. त्याच दिवशी बक्षिसाबरोबर पत्र द्यायचं ठरलं. उत्तम मॅट्रिक झालेला, आणि घरात पहिली नोकरी त्याचीच होणार होती. सरूबाईनं वस्तीत गूळ वाटला, पत्र हातात यायच्या आधीच!

फायनलच्या पंधरा दिवस आधी वस्तीतल्या बायका रिकाम्या घागरी घेऊन पाण्यासाठी कचेरीवर गेल्या. दार उघडेना, बायका हटेनात. लाठी चालली. सरूबाईचा उजवा हात मोडला.

त्याच संध्याकाळी ठाण्यातला एक शिपाई नेहमीसारखा मैदानावर खेळायला आला. दुपारी लाठी चालली तेव्हा तो कचेरीवरच होता. तोच म्हणाला, ‘‘उत्तम, आईला सांग बाबा, गर्दीत येऊ नको म्हणावं. कोण कुणाची आई, ते लाठीला कळत न्हाई.’’ खरं सांगतो, त्याचाही आवाज बसलेला होता.

उत्तमनं बॉल त्याच्या हातात नेऊन दिला. आपली रिकामी बादली उचलली आणि तो नाल्याकडं चालायला लागला.

*

हा मी गाळतो तो किस्सा.

नांदेडच्या विजयानंतर टीमनं उत्तमला काळ्या नी-कॅपची जोडी दिली होती. फायनलच्या आदल्या दुपारी तो आमच्या दुकानात आला आणि त्यातली एक त्यानं माझ्यासमोर ठेवली.

‘‘उद्या बक्षीस घेताना मी ही मुठीवर चढवून हात वर करनार. तू बी कर.’’

मी म्हणालो, ‘‘येडा झालास का? पत्र मिळणार हाय तुला उद्या!’’

‘‘हाव. म्हनूनच तुला सांगून राहिलो. एकट्यानं केलं तर माज म्हनतील. दोघांनी केलं, त्यात तू कॅप्टन, आडतवाल्याचा पोरगा, तर इचारतील तरी, का केलं म्हनून.’’

मी नी-कॅप घेतली. ‘‘हाव,’’ म्हणालो. हातावर हात मारून ‘हाव’ म्हणालो.

फायनल आम्ही जिंकलो. उत्तम त्या दिवशी जसा खेळला तसा परत कुणी खेळलेला मी पाहिला नाही. बक्षिसाला आम्ही ओळीनं उभे राहिलो. पहिल्या रांगेत अप्पा, शेजारी सगळे व्यापारी, आणि माझ्याकडं बघून अप्पांची मान अभिमानानं डोलत होती. नी-कॅप माझ्या खिशात होती. माझी मूठ तिच्यावर होती.

उत्तमनं मूठ वर केली. काळी नी-कॅप, ताठ हात, मान खाली. मग मान तशीच ठेवून त्यानं डावीकडं, माझ्याकडं बघितलं. एकदाच.

माझा हात खिशातून निघाला नाही.

लोकांना वाटलं, पोरगा जिंकल्याच्या आनंदानं हात वर करून राहिलाय. त्यांनी टाळ्या वाजवल्या! अप्पांनीसुद्धा वाजवल्या.

फौजदारसाहेब जवळ आले. ‘‘हे काय?’’

‘‘आईचा हात प्लॅस्टरमध्ये हाय साहेब. तिला वर करता येत न्हाई, म्हनून मी केला.’’

साहेबांचा चेहरा उतरला. मग ते माझ्याकडं वळले. ‘‘कॅप्टन, हे टीमनं ठरवलेलं होतं का?’’

मी म्हणालो, ‘‘न्हाई साहेब.’’

पत्र साहेबांच्या खिशातून बाहेर आलंच नाही. पोराला माज आला होता, असं गाव पुढं कित्येक वर्षं म्हणत राहिलं, आणि मी ऐकत राहिलो. उत्तमनं मला एका शब्दानंही विचारलं नाही. महिनाभरात तो गाव सोडून गेला. हिमायतनगरकडं एका शाळेत खेळाचा मास्तर झाला, असं नंतर कळलं.

*

मधल्या वर्षांत मी स्वतःची समजूत काढत होतो, की मी त्या फोटोतल्या गोऱ्यासारखा. काही केलं नाही, पण नुसता शेजारी उभा तरी होतो! चाचा गेले, त्यांचं दुकान गेलं, तरी ही समजूत काही गेली नाही.

मग एकदा सलूनमध्ये नंबर लागायची वाट बघत पेपर वाचत होतो. त्यात तोच फोटो, मोठा करून छापलेला. खाली लिहिलं होतं, की त्या गोऱ्यानंही त्या दोघांसारखाच मानवी हक्कांचा बिल्ला छातीवर मुद्दाम लावून घेतला होता आणि पुढं त्याची किंमतही मोजली. चाचांच्या मासिकातला फोटो पुसट होता, आम्हाला बिल्ला दिसलाच नव्हता.

न्हावी म्हणाला, ‘‘मालक, बसा ना. नंबर आला तुमचा.’’ दाढी न करताच मी घरी आलो.

*

अलीकडचा एक. आमच्या बाकड्यावर कुणीतरी मोबाइलवर क्लिप दाखवली. अमेरिकेतलेच खेळाडू, राष्ट्रगीत चालू असताना एक गुडघा टेकून बसलेले. तिथं पोलिसांच्या हातून काळी माणसं मरतात, त्याचा निषेध म्हणून.

आमच्यातला एक निवृत्त हेडमास्तर म्हणाला, ‘‘खेळात हे कशाला आणतात? काय शिवराज?’’

सगळे माझ्याकडं बघायला लागले.

‘‘खरंय गुरुजी,’’ मी म्हणालो. आणि चहा मागवला, सगळ्यांना.

*

परवा गावात शाळांच्या मुलींच्या स्पर्धा झाल्या. परत पाण्याची बोंब, परत मैदानात धूळ. जुना कॅप्टन म्हणून मी पाहुणा होतो. हिमायतनगरकडची टीम आली आणि तिच्यामागून मास्तर आला. केस पांढरे झालेले, चाल तीच. मला बघून मान हलवली आणि प्रशिक्षकांच्या खुर्च्यांत जाऊन बसला.

माइकवर मला जुने किस्से सांगायला लावले. मी जर्सीचा सांगितला, टँकरचा सांगितला. मुली खिदळल्या. मी खाली बसणार तेवढ्यात तिकडून आवाज आला.

‘‘कॅप्टन, बक्षिसाचा राहिला की!’’

लोक वळून बघायला लागले. उत्तम उभा होता. ‘‘मी हात वर केला होता, तो. तवा तुमचा हात कुठं होता, ते बी सांगा की लेकरांना.’’

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी म्हणालो, ‘‘खिशात होता.’’

सगळं मैदान हसलं! त्यांना वाटलं, हाही जोकच. टाळ्या पडल्या. उत्तम तेवढा हसला नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी त्याच्याजवळ गेलो. उत्तम येणार हे कळल्यापासून ती नी-कॅप मी खिशात ठेवली होती. ती काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली. त्यानं ती उलटीपालटी केली, चष्मा लावून शिवण बघितली, काळा रंग उजेडात धरला.

‘‘माझी तर कधीच झिजून गेली,’’ तो म्हणाला. ‘‘तुझी नवीच राहिली की रं.’’