साडेअकराची पहाट

२०२३ साल. मला बहात्तरावं लागलं होतं. गुडघे गेले होते, बायको त्याच्याही आधी गेली होती, आणि बंगळूरच्या शिवाजीनगरातली खोली सोडून मी मुलीकडे बेळ्ळंदूरला राहायला आलो होतो. चौदाव्या मजल्यावर. आयुष्यभर गाड्यांच्या सिटा शिवल्या, फरशीवर मांडी घालून काम केलं, आणि म्हातारपणी मला नेऊन ठेवलं ढगात.

माझी शाळा चौथीपर्यंत, तीही कन्नड. मराठी घरात शिकलो. इंग्रजी अक्षरं गाड्यांच्या नावांपुरती ओळखतो. पण 'तुम्हाला जमणार नाही' असं कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. जावई पुण्याचे, कॉम्प्युटरवाले. ते एकदा तसं म्हणाले आणि तिथून हे सगळं सुरू झालं.

त्याचं असं झालं. खाली पार्किंगमध्ये उभ्या असलेल्या गाड्यांत डोकावून मी लोकांना सांगायचो, अहो, तुमच्या सीटची शिवण चुकलीय, सहा महिन्यांत उसवेल. लोकांनी वॉचमनकडे तक्रार केली. वॉचमन मला सांगायला आला, त्याला मी दोन शब्द सुनावले. मग मुलगी जावयांना म्हणाली, अप्पांना कशाततरी गुंतवा. जावयांनी आपला जुना लॅपटॉप काढला.

"अप्पा, मासे पकडायचा गेम आहे बघा. पण तो माझ्या सिस्टीमवर चालत नाही, दुसऱ्या सिस्टीमसाठी बनवलाय. ह्या मशीनमध्ये मी दोन्ही सिस्टीम टाकल्यात. चालू करतानाच कुठली हवी ते निवडायचं असतं. तुम्हाला नाही जमणार, मी लावून देत जाईन."

"मला नाही जमणार?"

"तसं नाही हो अप्पा..."

"उठा तिथून."

रीत अशी होती. मशीन चालू केलं की काळा पडदा यायचा आणि त्याच्यावर पांढऱ्या ओळी. सगळ्यात वरची ओळ पेंग्विनवाल्या सिस्टीमची, ती जावयांची लाडकी. सगळ्यात खालची चार चौकोनांची, मासेवाल्या गेमचं तळं तिच्यात. थोड्याच वेळात बाणाची कळ दाबून खाली उतरलं नाही तर आपोआप पेंग्विनचं दार उघडायचं. मग बंद करा, पुन्हा चालू करा. सुरुवातीला मी कितीदा तरी पेंग्विनच्याच दारात जाऊन उभा राहिलो. पण विचारलं नाही कुणाला. मला ते एका घरात दोन बिऱ्हाडं असावीत तसं वाटायचं. भिंती त्याच, उंबरा तोच, पण एक बिऱ्हाड जागं असलं की दुसरं गाढ झोपलेलं. एकानं दुसऱ्याचं तोंड कधी पाहिलेलं नाही.

पहिल्यांदा तळ्यावर पोचलो तेव्हा घरातली कामं आवरली होती. जावई ऑफिसला, मुलगी आतल्या खोलीत दार लावून मीटिंगमध्ये. भिंतीवरच्या घड्याळात साडेअकरा. खिडकीबाहेर ऊन तापलेलं, खाली रिंग रोडवर गाड्या एकमेकींना चिकटून उभ्या. आणि आत पहाट. पाणी निळं-काळं, त्यावरून धुकं हळूहळू उठतंय, लाकडी फळ्यांचा धक्का दवानं ओला, लांब कुठंतरी एक पक्षी नुसता बोलून बघतोय. कॉम्प्युटरच्या घड्याळात जी वेळ तीच तळ्यावर, असं जावयांनी सांगितलं होतं. म्हणजे ह्या घड्याळाचं काहीतरी बिनसलंय, एवढं मला कळलं. पण मी गप्प बसलो. एका दिवसात दोन पहाटा कुणाला मिळतात? मिळाल्या तर कुणी परत करतं?

मी मासे फारसे पकडायचोच नाही. गळ टाकायचा आणि तांबडं बूच पाण्यावर हलताना बघत बसायचं. बघता बघता डोळे मिटायचे. मिटल्यावरही समोर तेच पाणी असायचं, फक्त त्याला वास यायचा.

तो वास बेळ्ळंदूरच्या तळ्याचा. आमच्या बाल्कनीतून जे दिसतं, तारेच्या कुंपणामागचं, गवतानं भरलेलं, तेच तळं. आम्ही दोघे भाऊ लहानपणी शिवाजीनगरहून सायकलवर तिथं यायचो. अण्णा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. अंधारातच तो माझ्या पायाचा अंगठा ओढायचा. "ऊठ. पाणी जागं व्हायच्या आत पोचायचंय." मी कॅरिअरवर, गाल त्याच्या पाठीला टेकवून. रिंग रोड नव्हता तेव्हा, दोन्ही बाजूंना नाचणीची शेतं, आणि सायकलच्या चेनचा आवाज. मी झोपेतच तळ्यावर पोचायचो. त्यातलं किती डोळ्यांनी पाहिलं आणि किती अण्णाच्या पाठीवर स्वप्नात, ते मला आजही सांगता येत नाही.

त्याच वर्षी गणपतीच्या आधी शहराबाहेरच्या आनेकलहून अण्णाचा मुलगा आला. तो मला चिक्कप्पा म्हणतो, म्हणजे धाकटा काका. अण्णा त्याच्याचकडे असायचा. अण्णाच्या डोक्यातून एकेक माणूस, एकेक वाट गळायला लागली होती. पुतण्या आणि त्याची बायको दोघंही कारखान्यात, पाळ्या वेगळ्या, मधल्या वेळात म्हाताऱ्याला कुलूप लावून ठेवावं लागायचं.

"चिक्कप्पा, गावाबाहेर एक संस्था आहे. चांगली आहे. मी बोलून आलोय तिथं."

"माझा भाऊ परक्या खाटेवर झोपणार नाही. इथं आण त्याला."

"तुम्हाला जमणार नाही, चिक्कप्पा. ते आता तसे राहिले नाहीत."

झालं. पुन्हा तेच शब्द. मी म्हणालो, "आजच आण."

पुतण्या स्वल्प हसला, थकलेला हसतो तसा. "सरी, ठीक आहे. दसऱ्यापर्यंत ठेवून बघा. नाही जमलं तर मी येऊन घेऊन जाईन. मग अडवायचं नाही."

अण्णा आला, आणि पुतण्या खोटं बोलत नव्हता हे मला दोन दिवसांत कळलं. रात्रीच्या गोळीमुळे अण्णा अकरा वाजेपर्यंत झोपायचा. उठला की त्याच्या लेखी पहाट असायची. टॉवेल खांद्यावर टाकून तो सरळ दाराकडे निघायचा. "चल. उजाडायच्या आत पोचू."

"अण्णा, अकरा वाजून गेले. बघ, ऊन बघ."

"फसवतोस मला? कोण तू? दार सोड!"

मग आरडाओरडा, लिफ्टमध्ये शिरणं, वॉचमननं हाताला धरून वर आणणं. जेवण नाही, पाणी नाही. मुलगी मीटिंग सोडून बाहेर यायची, "दोड्डप्पा, दोड्डप्पा" करत आपल्या थोरल्या काकाची समजूत घालायची आणि तशीच ओल्या डोळ्यांनी परत आत जायची. तिनं तोंडानं काही म्हटलं नाही. पण एक दिवस जेवताना ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "अप्पा, मला नोकरी ठेवायचीय." मी भात चिवडत बसलो.

दुसऱ्या दिवशी अण्णा उठायच्या आधीच मी मशीन लावून बसलो. खाली बाण, सगळ्यात खालची ओळ. पडदे ओढून खोली अंधारी केली. अण्णा उठला, टॉवेल घेतला, दाराकडे वळला आणि वळता वळता थांबला. पडद्यावर धुकं उठत होतं.

तो हळूच माझ्या शेजारी येऊन बसला. मग बारीक आवाजात म्हणाला, "आवाज करू नकोस."

बूच हललं. मी घाईनं कळ दाबली. मासा सुटला.

"अय्यो! स्वल्प सैल सोडायचं असतं रे. तेव्हाही जमलं नाही तुला, आताही नाही."

कोण तू म्हणून विचारणाऱ्या माणसानं मला शिवी दिल्यासारखं ओळखलं. मला इतकं बरं वाटलं की मी भांडलो. "मग तू धर काठी!" "तू धर. मी बघतो." मग रोजचं ते ठरून गेलं. साडेअकराची पहाट आम्हा दोघांची. तो हुकूम सोडायचा, मी माऊस हलवायचो, धुकं विरून पाणी सोनेरी झालं की तो स्वतःच उठायचा आणि जेवायला बसायचा. आतल्या खोलीतून मुलीच्या हसण्याचा आवाज यायला लागला. कधी कधी आम्ही दोघंही तिथंच, पाण्यासमोर, डुलक्या घ्यायचो. त्याचं डोकं माझ्या खांद्यावर यायचं. मला वाटायचं, सायकल चाललीय आणि आज कॅरिअरवर तो आहे.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी पुतण्या येणार होता. रिकामी बॅग घेऊन येतो, असं त्यानं फोनवर सांगितलं होतं. मी म्हणालो, "ये. रिकामीच परत नेशील."

तो वेळेवर आला. जावईही घरी होते. मुलीनं कॉफी केली. मी ऐटीत मशीन लावलं. पडदे ओढले. अण्णा उठून आला, शेजारी बसला. पुतण्या मागं उभा. तळं उघडलं.

ऊन. रखरखीत, पांढरं ऊन. धुकं नाही, पक्षी नाही. पाणी पत्र्यासारखं चकाकतंय.

बंद केलं, पुन्हा चालू केलं. काळा पडदा, खालची ओळ, तळं. तेच ऊन.

"जावईबापू! काय केलंत ह्याला?"

जावई धावत आले. "काय झालं? अहो अप्पा, काल अपडेट मारताना पाहिलं, त्या बाजूचं घड्याळ साडेपाच तास मागं होतं. दोन सिस्टीम असल्या की होतं तसं. माझी सिस्टीम मशीनमध्ये ग्रीनिचची वेळ लिहून ठेवते आणि दाखवताना साडेपाच तास मिळवते. दुसरी तीच वेळ इथली समजते. तुम्ही इतके दिवस बोलला नाहीत! मी नीट करून टाकलं."

"कुणी सांगितलं होतं नीट करायला? ती चूक परत घाला."

"चूक... परत?"

"घाला म्हणतो ना! आत्ता!"

मुलगी कॉफीचा पेला हातात घेऊन तशीच उभी राहिली. एवढ्या दिवसांत ती साडेअकराची पहाट कुठून येते हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही, हा माझा ताठा. जावई खाली बसले. "दोन मिनिटं द्या, अप्पा. लगेच करतो." पुतण्यानं बॅग खुर्चीवरून उचलून हातात घेतली. मी अण्णाकडे बघत नव्हतो. आता तो उठेल, टॉवेल घेईल, ओरडेल, याची वाट बघत होतो.

अण्णा पुढं वाकून पाण्याकडे बघत होता.

"ऊन डोक्यावर आलं की रे," तो म्हणाला.

त्यानं तळहात कपाळावर आडवा धरला.

"आता काय मिळणार. मासा खाली बसला." मग माझ्याकडे वळून, "तुझ्यामुळं उशीर झाला. झोपेचं खोबरं करावं लागतं, तेव्हा मासा मिळतो. गुंडाळ ते."

मी गळ गुंडाळला. जावयांचा हात कळांवर होता, तो मी धरला. "थांबा, बापू."

आम्ही सगळ्यांनी त्याला किती दिवस ऊन दाखवलं होतं. त्याचा विश्वास बसला नव्हता. माणसांवर नव्हता त्याचा विश्वास, पाण्यावर होता. पाण्यानं सांगितलं, उशीर झाला, तर त्यानं लगेच ऐकलं.

गुडघ्यांवर हात टेकून तो उठला. "उद्या लवकर निघू. मला हाक मार." मग मागं उभ्या असलेल्या मुलाकडे बघून, ओळखून की न ओळखता कोण जाणे, "तूही ये हवं तर. पण गप्प बसायचं."

पुतण्या बॅग हातात धरून उभाच राहिला. मग म्हणाला, "चिक्कप्पा, ते 'उद्या' म्हणाले. घरी असताना कधी म्हणत नव्हते." त्यानं बॅग घडी घालून बगलेत घेतली. जेवून गेला. जाताना दारात माझ्या पाया पडला.

संध्याकाळी मी जावयांच्या खोलीच्या दाराशी गेलो. माझ्या आयुष्यात मी त्यांना विचारलेली ती पहिली गोष्ट. "बापू, इथं पहाट झाली की तळ्यावरही पहाटच असेल ना आता?"

"आता दोन्हीकडे एकच वेळ, अप्पा. पण काका उठतील का गोळीतून? म्हणाल तर मी जुनं करून देतो, खरंच."

"राहू द्या नीट केलेलं."

मुलीनं अण्णाची गोळी दिवे लागल्यावर जेवणाबरोबरच दिली आणि त्याचं अंथरूण लवकर घातलं.

दुसऱ्या दिवशी मी अंधारात उठलो. मशीन लावलं, सगळ्यात खालची ओळ निवडली. तळ्यावर धुकं होतं. खिडकीबाहेर खालच्या तळ्यावरही होतं. मी अण्णाच्या खोलीत गेलो, पांघरूण बाजूला केलं आणि त्याच्या पायाचा अंगठा ओढला. त्यानं पाय आत घेतला. मी पुन्हा ओढला.