ठिपका जावेच्या मोबाईलवर

भुताखेतांचा विषय निघाला की मी सरळ उठून भांडी घासायला जाते. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता... त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय.

आम्ही तारापूरजवळच्या दांडी गावचे. घरात दोन भाऊ, दोघांच्या दोन बोटी. मागच्या वर्षी धाकट्या दिराच्या बोटीवर सरकारी योजनेतून सॅटेलाइट मोडेम बसला. समुद्रात मोबाईलची रेंज गेली तरी त्याच्यावरून मेसेज येतात, आणि बोट कुठे आहे तो ठिपका घरी मोबाईलवर दिसतो. आमच्या ह्यांनी फॉर्म वेळेत भरलाच नाही! मग काय, धाकटी जाऊ हर्षला दिवसभर मोबाईल घेऊन मिरवणार. "ताई, बघा ना, इचारतात जेवलीस काय!" माझा नुसता जळफळाट.

त्या दिवशी दोघे भाऊ पहाटेच गेले होते. दुपारी आम्ही दोघी बोंबील वाळत टांगत होतो, तेवढ्यात हर्षला म्हणाली, "ताई, आज दोन ठिपके कशे दिसतात?"

पाहिलं तर खरंच. एक तिच्या नवऱ्याचा, सरकणारा. दुसरा बिननावाचा, एका जागी थांबलेला.

"दोन नवरे केलेस काय गं?" मी म्हटलं. "बिघडला तुमचा डबा!" खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. ती दिराला कळवायला लागली तर मीच अडवलं — "कामात हाय तो, नको तरास देऊ." पण तिने ऐकलं नाही, देव तिचं भलं करो. मेसेज केलाच.

दीर त्या जागी गेला, तर तिथे आमची बोट... इंजिन बंद, फळी फुटलेली, गुडघाभर पाणी. हे आणि दोन खलाशी बादल्यांनी पाणी उपसत होते. संध्याकाळी दिराने बोट ओढत आणली, तेव्हा मी हर्षलाच्या गळ्यात पडून रडले.

नंतर बोईसरहून मोडेमवाला आला. सगळं तपासून म्हणाला, "भाभी, इसमें दूसरी बोट दिख ही नहीं सकती." मग काय दिसलं होतं, कोण जाणे. मला तर आजही कळलेलं नाही.

नवरा सुखरूप आला, आणखी काय हवं? पण एक सल जात नाही. माझ्या मोबाईलमध्ये ते ॲप नव्हतं, मान्य. पण ह्यांच्या बोटीवर तरी मोडेम कुठे होता? काहीच नसताना ठिपका उमटायचाच होता, तर माझ्याकडे उमटायला काय झालं होतं? नवरा माझा... आणि हाक गेली तिला!