कुठेही लागली तरी आडवं

अमेरिकेत मॉरिसव्हिलला आले तेव्हा मी पशुवैद्य होते, पण नागपुरातली. इथे माझ्या व्हिसावर काम करता येत नव्हतं. नवऱ्याच्या लेखी मी 'घरी असते', संपलं.

दोन हजार पाचच्या सीझनला ऑफिसमधल्यांच्या नादी लागून त्याला हरणाच्या शिकारीचं खूळ लागलं. मी एकच अट घातली: जनावर तडफडता कामा नये.

"अगं, म्हणून तर मॅग्नम रायफल घेतली!" त्याने गोळ्यांचा डबा माझ्यासमोर नाचवला. "एनर्जी बघ किती लिहिलीये. कुठेही लागली तरी आडवं!"

कुठेही? माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "अरे, पोटात लागली तर ते पळत सुटतं आणि तासन्‌तास मरत राहतं. पुढच्या पायाच्या जरा मागे, खालच्या अंगाला, हृदय आणि फुफ्फुसं. तिथे साधी गोळीसुद्धा पुरते."

नेमबाजीच्या सरावाला रेंजवर तर त्या बंदुकीच्या दणक्याला घाबरून तो चाप ओढतानाच डोळे मिटायचा. कमी दणक्याची रायफल घे, म्हणून मी घसा कोरडा केला.

"रिलॅक्स यार, मी कॅल्क्युलेट केलंय."

डोंबलाचं कॅल्क्युलेट! शनिवारी सकाळी मी मुद्दाम बरोबर गेले. झाडीच्या कडेला नर आला, पण आमच्याकडे पाठ करून, तिरका उभा. "थांब, वळू दे," मी कुजबुजले. त्याने बार काढला. हरीण पाठीला बाक काढून झाडीत शिरलं. पानांवर रक्त होतं आणि त्यात हिरवट चारा. म्हणजे पोटातच. संतापाने मला रडू फुटलं.

"पडलं असेल इथेच कुठेतरी. चल ना, संध्याकाळी मंडळाची दिवाळी आहे."

"सापडल्याशिवाय मी हलणार नाही."

लगेच मागे लागलो असतो तर ते आणखी लांब पळालं असतं, म्हणून हात चोळत बसून राहावं लागलं. दुपारी ओढ्याकाठी सापडलं. मान वर करून आमच्याकडे बघत होतं. मी बोटाने जागा दाखवली. या वेळी चाप ओढताना त्याने डोळे उघडे ठेवले.

संध्याकाळी फराळाची प्लेट हातात घेऊन स्वारी रंगात आली होती.

"एका गोळीत?" एका काकांनी विचारलं.

"मग काय काका, मॅग्नम आहे!"

"दोन," मी म्हणाले. "पहिली सकाळी, पोटात. दुसरी दुपारी. मधला सगळा वेळ ते जिवंत होतं."