मालकासमोर टेप काढू नये

घरं विकायच्या धंद्यात पैसा किती साठतो ते माझ्या स्कूटरकडे बघून कळतं, पण किस्से मात्र ढिगाने साठतात. लोणावळ्यात आमचं छोटंसं ऑफिस आहे, आम्ही दोघं पार्टनर. सलीमभाई कमी बोलतात आणि घरं विकतात. मी भरपूर बोलते आणि जमलेला व्यवहार मोडते. त्यामुळे हे सगळे किस्से माझेच!

*

सुरुवातीला मी फार स्मार्ट होते. एका बंगल्यात गिऱ्हाईक नेलं आणि स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाले, "ही भिंत पाडली की मस्त ओपन किचन!"

मागे मालकीणबाई पोह्यांचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तो ट्रे तसाच परत ओट्यावर ठेवला.

"बाहेर सासूबाई बसायच्या आणि आत मी," त्या म्हणाल्या. "वर्षभर भांडून ती भिंत घालून घेतलीय. पाडणाऱ्याला घर द्यायचं नाही!"

ऑफिसात सलीमभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "ताई, काय पाडायचं ते मनात पाडा," म्हणाले.

*

मग ठरवलं, तोंड उघडायचंच नाही. वडिवळ्याला एका आबांचं घर विकायचं होतं. मी गुपचूप टेप काढला आणि खोली मोजली. पण गप्प बसेन तर ती मी कसली!

"आबा, खोली कागदापेक्षा अर्धा फूट कमी भरतेय."

"कमी?" आबा खाटेवरून उठलेच. "हितं चार पोरं, दोन सुना आन आमी दोघं झोपायचो. कुनाचा पाय कुनाला लागला न्हाई. तुमचा टेपच ल्हान हाय!"

दुसऱ्या दिवशी सलीमभाई टेप न घेता गेले. कोण कुठल्या कोपऱ्यात झोपायचं ते दोन तास ऐकलं, वर इंद्रायणी भात जेवून आले. येताना व्यवहार पक्का! मला त्यांचा राग आला आणि भूकही लागली.

*

तळेगावच्या एक रिटायर्ड शिक्षिकाबाई घर विकत होत्या. त्यांचं मागचं दार जरा उचलून, मग डावीकडे ढकलून उघडावं लागायचं. घर घ्यायला आलेल्या इंजिनियरला ते तीनदा जमलं नाही.

"पुढच्या रविवारी या," बाई म्हणाल्या. "घरी सराव करून या."

"बाई, ते घर घ्यायला आलेत, ॲडमिशनला नाही!"

"ॲडमिशनच आहे ही. आता तुम्ही करा बघू."

मी पुढे झाले, हिसका दिला आणि कडी माझ्या हातात आली. पुढच्या रविवारी इंजिनियर पास झाला. माझा निकाल बाईंनी अजून राखून ठेवलाय.

*

एवढ्या फजित्यांनंतर मला वाटलं, विकणाऱ्याचं मन आता आपल्याला कळलं. एक दुकानदार फ्लॅट विकायला निघाला होता. गिऱ्हाईक सोफ्यावर बसलेलं. मी टिश्यू पेपरचा बॉक्स पुढे सरकवला आणि आवाज हळवा केला. "समजू शकते मी. किती आठवणी असतील ना या घरात!"

"आहेत ना मॅडम! वरचे लोक पहाटे चारला मिक्सर लावतात. सुटतोय बघा एकदाचा. सह्या कुठं करू?"

गिऱ्हाईक चप्पल घालून निघून गेलं. टिश्यू शेवटी मीच वापरले.

*

आणि मग कुसगावचे काका-काकू. काकूंचे गुडघे गेले, जिने चढवेनात, म्हणून बंगला विकून दोन गल्ल्या पलीकडे लिफ्टचा फ्लॅट घ्यायचं ठरलं. काकांना हल्ली फारसं आठवायचं नाही, पण संध्याकाळचा फेरफटका ठरलेला. सह्यांच्या वेळी काकूंचा हात थांबला.

"यांच्या पायांना एकच घर माहीत आहे गं. चुकले तर?"

"काकू, आठ दिवसांत सवय होते!" मी ठोकून दिलं. मला व्यवहार पूर्ण करायचा होता, दुसरं काही नाही.

फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर आठव्याच दिवशी काकूंचा फोन. काका फिरायला गेले ते परत आलेच नाहीत! सलीमभाईंना मागे बसवून मी स्टेशन, बाजार, तळं, सगळं पालथं घातलं. स्कूटर चालवता चालवता रडत होते, आणि सवयीचं ते वाक्य स्वतःलाच ऐकू येत होतं.

"ताई," मागून सलीमभाई म्हणाले, "आपण विकलेल्या घरी बघू या."

काका तिथेच होते. व्हरांड्यात, हातात चहाचा कप. शेजारी पायरीवर नवी मालकीण बसली होती, पंचविशीतली मुलगी. मी आधी काकूंना फोन करून सांगितलं आणि मग त्या मुलीची माफी मागायला पुढे झाले. तेवढ्यात काकांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"एजंट का तुम्ही?"

मी मान हलवली.

"उगाच हेलपाटा पडला तुम्हाला. हे घर विकायचं नाही."

मी त्या मुलीकडे बघितलं. ती उठली आणि आतून माझ्यासाठी खुर्ची घेऊन आली.

"ऐकलंत ना ताई? विकायचं नाहीये आम्हाला. बसा, चहा घ्या."