शिंप्याचा प्रसंग

कारखाना बंद पडला तेव्हा आमच्या वस्तीने मिळून एक सिनेमा काढला. काम गेल्यावर माणसाने जगायचं कशासाठी, हा त्याचा विषय. कुणी लिहिला, कुणी गाणी म्हटली. वस्तीतला शिंपी एका प्रसंगात दार उघडून नुसता हसला. पुढच्याच वर्षी तो छातीच्या दुखण्याने गेला.

माझे काका त्याचे जिवलग मित्र आणि थिएटरातले ऑपरेटर. दरवर्षी एका दुपारी ते वस्तीला तो सिनेमा दाखवतात. प्रत एकच, तीही जुनी. फिल्म तुटली की फाटका भाग कापून टोकं जोडावी लागतात, आणि ती हटकून शिंप्याच्या प्रसंगातच तुटते. आधी त्याचं हसणं गेलं, मग मान वर करणं.

यंदा तुटली तेव्हा त्याचा बोटभर तुकडा उरला होता, तोही चिरलेला. काका वर मशीनच्या खोलीत कात्री हातात धरून बसून राहिले. खाली शिट्ट्या सुरू झाल्या.

शिंप्याची बायको जिना चढून आली. "काय भावजी, झोप लागली की काय?"

काकांनी तुकडा दिव्यासमोर धरला. "हा कापला की संपला तो, वहिनी."

"आणि नाही कापला तर?"

"पुढचा सिनेमा चालणार नाही."

ती तुकड्याकडे बघत राहिली. "माणसं कामं टाकून आलीत. कापा."

काकांनी कापला. मशीन सुरू झालं. पडद्यावर दाराची कडी वाजली आणि लगेच पुढचा प्रसंग आला. खाली कुणाच्या काही लक्षात आलं नाही.