बेसचा खोका

आमच्या देवळालीत भजनी मंडळाचा एक बेसचा खोका आहे. बेस म्हणजे जाड आवाजाचा मोठा स्पीकर. पखवाजावर थाप पडली की छातीत घुमतं, ते त्याच्यामुळे. तो खोका मी दुरुस्त केला आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण मला त्याचा अभिमान आहे आणि तो लपवायचं माझं वय आता राहिलं नाही.

आमचं घर सुतारकीचं. नवरा शुगर फॅक्टरीत लागला तेव्हापासून दुकानात मामंजी आणि मी. रंधा, करवत, पॉलिश, वीस वर्षं सगळं करते आहे. पण गिऱ्हाईक बोलणार मामंजींशी, माप सांगणार मामंजींना आणि दार आवडलं की म्हणणार, "म्हाताऱ्याचा हात अजून चालतोय!" ते दार मी केलेलं असायचं. मामंजींनी कधी कुणाला तसं सांगितलं नाही. मला ते फार लागायचं.

सप्ताह पंधरा दिवसांवर आला तेव्हा मंडळाचे पखवाजी खोका टेम्पोत घालून घेऊन आले. पाणी लागून तळाचं प्लायवूड फुगलं होतं, सांधे सुटले होते, वरचं रेक्झिन सोललं होतं. मामंजींनी पायानं ढकलून पाहिला. "जाळायच्या लायकीचा हाय. नवा आना."

"मी करते," मी म्हणाले.

पखवाजींनी माझ्याकडे न बघता मामंजींना विचारलं, "जमंल का?" मामंजी म्हणाले, "बघू." झालं, माझं डोकं फिरलं. हे एक काम तरी माझ्या नावावर लागलंच पाहिजे, असं मी त्याच जागी ठरवलं.

स्पीकर राहुरीच्या मेकॅनिककडे गेला, खोका माझ्याकडे राहिला. तळ नवा घातला. सांधे उकलून जुना सरस खरवडला, पुन्हा जोडून शिकंज्यात दोन दिवस आवळून ठेवले. रेक्झिन काढलं तर खाली सागवानी प्लाय निघाली, इतकी सुरेख की ती झाकणाऱ्याचा मला रागच आला. काचपेपर मारून, लाखेच्या पॉलिशचे हात देऊन ती मी मधासारखी उजळवली.

समोर स्पीकरच्या खाली वाटीएवढं गोल भोक होतं, आत पुठ्ठ्याची नळी, आणि नळीत उंदरांनी संसार थाटलेला. आमचा जन्म दारं-खिडक्या करण्यात गेला. आम्हाला फट दिसली की हात शिवशिवतात. नळी उपटून टाकली आणि सागाची चकती बसवली, रेषेला रेष जुळवून. बोट फिरवलं तरी सांधा कळेना. मामंजींनी चष्मा लावून पाहिलं. "भोक बुजवलं ते ब्येस केलं," म्हणाले. वीस वर्षांतली पहिली शाबासकी, आणि तीही नेमकी चुकीच्या कामाला!

कारण मेकॅनिकनं स्पीकर बसवला, मंडळी दुकानासमोर जमली, पखवाजींनी थाप मारली, तर आवाज रजईखालून आल्यासारखा. "तरी म्हनत हुतो, नवाच घ्यावा," कुणीतरी पुटपुटलं.

मेकॅनिक खोक्यासमोर उकिडवा बसला. "हितलं भोक कुठं गेलं?"

"बुजवलं."

"अवो वहिनी, त्यातूनच हवा खेळती! ते मुद्दाम ठेवलेलं असतंय."

मंडळी हसली. मामंजी पुढे झाले. "मीच म्हनलो हुतो बुजवायला," म्हणाले. खरं तर ते मला वाचवत होते, पण मला संतापच आला. आजवर कामं यांची, आता चूकही यांचीच?

"नाही," मी म्हणाले. "मामंजींनी नंतर पाहिलं. बुजवलं मी. उघडतेही मीच."

स्पीकर काढायला लावला आणि सगळ्यांसमोर ती चकती कापली. माझ्या हातचा सगळ्यात चांगला सांधा होता तो. वाईट वाटलं, पण करवत थांबवली नाही. उंदरांची नळी भंगारातून शोधून मेकॅनिकला दाखवली. त्यानं सांगितलं तशी, तेवढ्याच लांबीची, प्लास्टिकच्या पाइपाची नळी बसवली. भोकाची कड गोल घासली, तिलाही पॉलिश दिलं. कुणी घरी गेलं नाही.

मेकॅनिकनं स्पीकर परत बसवला. मग पखवाजींनी थाप मारली आणि दुकानाचं शटर थरथरलं. दुसरी थाप, तिसरी. कुठे खरखर नाही, सांध्यात करकर नाही. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं.

पखवाजी खूश होऊन मामंजींकडे वळले. "याच्या जोडीचा दुसरा पडून हाय. कवा आनू?"

मामंजी भुसा झटकत म्हणाले, "मला काय इचारता? खोका तिनं केलाय. तिला इचारा."

पखवाजींनी टोपी सारखी केली. "ताई, कवा आनू?"

माझ्या हातात त्या दिवशी एकही काम नव्हतं.

"चार दिवसांनी आणा," मी म्हणाले. वीस वर्षं मी थांबले होते. चार दिवस त्यांनी थांबावं.